बहिणाबाईंची गाणी: कोणती प्रत घ्यावी आणि ती वाचावी कशी

शेतात राबणारा कवी निसर्गाकडे, गावाकडे आणि लिहिलेल्या शब्दाकडे कसा पाहतो हे एकाच मराठी पुस्तकातून समजून घ्यायचं असेल, तर 'बहिणाबाईंची गाणी' हेच पुस्तक हाती घ्यावं. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. जन्म १८८० चा, मृत्यू ३ डिसेंबर १९५१ चा. अक्षरओळख नव्हती. शेतात, चुलीपाशी, जात्यावर त्या गात राहिल्या आणि मुलगा सोपानदेव व सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तेवढं कागदावर उतरवून घेतलं. आचार्य अत्र्यांनी ती वही पाहिली, 'बावनकशी सोनं' म्हणून गौरवली आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ३५ कवितांचं पुस्तक निघालं. पुढच्या आवृत्तीत कवितांची भर पडली.

आज दुकानात किंवा ऑनलाइन हे नाव शोधलं की डझनभर प्रती समोर येतात आणि त्यांच्या दर्जात जमीन-अस्मानाचा फरक असतो. कारण कायद्यात आहे. कवीच्या निधनानंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा हक्क आपल्याकडे प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९५२ च्या पुस्तकातल्या कविता २०१३ पासून कोणालाही छापता येतात. अत्रे मात्र १९६९ साली गेले, त्यामुळे त्यांच्या प्रस्तावनेवरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. मागाहून जोडलेल्या कवितांचा हिशेबही वेगळा. स्वस्त प्रतीत प्रस्तावना नसणं आणि कविता कमी असणं यामागे बऱ्याचदा हेच असतं. तेव्हा प्रत घेण्याआधी अनुक्रमणिका उघडून कविता मोजा. ३५ च्या आसपास थांबत असेल तर ती जुन्या पुस्तकाची नक्कल आहे. वाईट म्हणून टाकून देऊ नका, पण पूर्ण समजूनही घेऊ नका.

ऑनलाइन मागवताना आणखी एक घोळ होतो. १७ व्या शतकातल्या तुकारामशिष्या संत बहिणाबाई, शिऊरच्या, यांचा अभंगगाथाही याच नावाखाली विकला जातो. 'संतकृपा झाली, इमारत फळा आली' हा अभंग त्यांचा. मुखपृष्ठावर 'चौधरी' हे आडनाव दिसल्याशिवाय पैसे भरू नका.

आता प्रत चांगली की वाईट हे ओळखण्याचे दोन उपाय. दोन्ही दुकानात उभ्या उभ्या करता येतात.

पहिला, अक्षरं मोजायची. बहिणाबाईंच्या बहुतेक प्रसिद्ध कविता आठ अक्षरी ओळीच्या आहेत. 'अरे संसार संसार' आठ, 'जसा तवा चुल्ह्यावर' आठ. 'मन वढाय वढाय' आठ, 'उभ्या पिकातलं ढोर' आठ. जोडाक्षर एकच धरायचं. कुठलंही पान उघडून चार ओळी बोटांवर मोजा. सात किंवा नऊ भरली तर नक्कल करणाऱ्यानं काहीतरी गाळलंय किंवा घुसवलंय. सगळ्यात जास्त चूक होते ती 'छापीसनी', 'देखीसनी', 'जोडीसन' अशा रूपांची. प्रमाण मराठीत ही 'छापून', 'पाहून', 'जोडून'. टंकणाऱ्याचा हात सवयीनं 'छापून' लिहितो आणि ओळ एका अक्षरानं लंगडी पडते. काही कविता या मापाबाहेरच्या आहेत, 'मानूस' त्यांतली एक. त्यामुळे हा उपाय 'संसार', 'मन', 'खोपा', 'मोट हाकलतो एक' अशा कवितांवरच लावा.

दुसरा उपाय 'ळ' शोधण्याचा. लेवा गणबोलीत, म्हणजे बहिणाबाईंच्या जळगावकडच्या बोलीत, 'ळ' च्या जागी 'य' येतो: आभाळाचं आभाय, मळ्याचा मया, डोळ्याचा डोया, बाभळीची बाभय, जळगावचं जयगाव. 'ण' चा 'न' होतो आणि 'मला, त्याला' चं 'माले, त्याले'. ज्या प्रतीत 'मिळते भाकर' आणि 'आभाळात' छापलंय तिथे कोणीतरी बोली सुधारायला बसलेला आहे. ही चूक अक्षरं मोजून सापडत नाही, कारण 'मिळते' आणि 'मियते' दोन्ही तीनच अक्षरं. म्हणून दोन्ही उपाय करावे लागतात. अगदी चांगल्या प्रतींतही लेखन शंभर टक्के एकसारखं नसतं. एका ठिकाणी 'सुगरणीचा', दुसरीकडे 'सुगरनीचा' दिसेल. बोलीला ठरलेलं शुद्धलेखन नाही आणि ऐकून लिहिणाऱ्यांचं शिक्षण प्रमाण मराठीत झालेलं. तेवढी मुभा द्यायला हवी. पानापानावर 'ळ' मात्र खपवून घेऊ नये. आंतरजालावरच्या फुकट प्रतींत हे सरसकट घडतं, शिवाय तिथे बहिणाबाईंच्या नावावर कोणाच्याही सुविचारवजा ओळी खपवलेल्या असतात. ज्या ओळीत शेत, घर, देव, जनावर किंवा हातातलं काम यांपैकी काहीच दिसत नाही, तिच्याबद्दल शंका घ्या आणि छापील पुस्तकात ताडून पाहा.

बाजारातल्या बहुतेक प्रतींची सर्वांत मोठी उणीव म्हणजे टिपा. कठीण शब्दांचे अर्थ देतात, पण अवजारं समजावत नाहीत. आणि अवजार कळलं नाही तर या कवितेतला विचारच हातातून निसटतो. 'मोट हाकलतो एक' या कवितेवर जरा थांबू.

'येहेरीत दोन मोटा, दोन्हीमधी पानी एक' इथून सुरुवात. मोट म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायची चामडी पिशवी. मोठ्या विहिरीवर दोन मोटा चालायच्या, म्हणून प्रत्येक ओळीत जोडी. पुढे 'आडोयाले कना चाक' आणि 'दोन्ही नाडा समदूर, दोन्हीमधी झीज एक'. 'समदूर' म्हणजे समुद्र किंवा 'समान अंतरावर' असा अर्थ वाचक लावतात. खरं तर तो दोर आहे. इतरत्र त्याला सोंदूर म्हणतात. मोटेला दोन दोर असतात. जाड तो नाडा: मोटेच्या तोंडापासून विहिरीवरच्या मोठ्या चाकावरून तो बैलांकडे जातो आणि सगळं वजन पेलतो. बारीक तो सोंदूर: चामड्याच्या मोटेला खाली सोंडेसारखी नळी असते, तिच्या टोकाला तो बांधलेला असतो आणि खालच्या कण्यावरून, म्हणजे आडव्या रुळावरून, फिरतो. मोट वर येईपर्यंत सोंडेचं टोक मोटेच्या तोंडाइतकं उंच धरून ठेवायचं, हे सोंदुराचं काम. मोट काठाशी आली की सोंड कण्यावरून पुढे ओढली जाते आणि पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या हौदात, पडतं.

सोंदूर लांब झाला तर सोंड खाली लोंबते आणि पाणी परत विहिरीत सांडतं. आखूड झाला तर वजन त्याच्यावर येतं आणि बारीक दोर तुटतो. दोन्ही दोर एका मापानं ओढले जाणं, एका मापानं झिजणं यावर अख्खी मोट चालते. 'दोन्हीमधी झीज एक' ही ओळ त्यामुळे नुसती सुंदर नाही, विहिरीवर उभं राहिलेल्या माणसाचा तो अनुभव आहे. पुढे 'उतरनी चढनीचे नाव दोन धाव एक'. धाव म्हणजे बैलांच्या चालण्याचा उतार. भरलेली मोट ओढताना बैल उतरतात आणि रिकामी सोडताना त्याच धावेवरून मागे मागे चढतात. शेवटी 'मोट हाकलतो एक, जीव पोसतो कितेक'. हाकणारा एक, त्यावर जगणारे अनेक. बहिणाबाईंचा गावाबद्दलचा विचार या दोन ओळींत आहे. यंत्राचा एक भाग दुसऱ्यावर जसा टेकलेला, तशीच माणसं एकमेकांवर टेकलेली. कोणाचा मोठेपणा नाही आणि कोणाची सुटकाही नाही. टिपेत ही चार वाक्यं असती तर विशीतल्या वाचकाला, ज्यानं मोट कधी पाहिलेली नाही, ही कविता आपोआप उघडली असती. चित्र एकही नाही याचं वाईट वाटतं. मोटेची एक साधी रेखाकृती दिली तर प्रकाशकाचा खर्च वाढणार नाही.

निसर्गाच्या बाबतीतही नेमकेपणा असाच. 'धरित्रीच्या कुशीमधी बीयबियानं निजली' ही कविता सगळ्यांना शाळेपासून ठाऊक आहे. तिच्यात कोंबातून दोन पानं प्रगट होतात, 'जसे हात जोडीसन'. इथं बी कशाचं ते पाहा. ज्वारी-बाजरीचा कोंब एका पानाचा, सुईसारखा निघतो. दोन पानं समोरासमोर उघडतात ती कपाशीची, मुगाची, उडदाची. खानदेशच्या काळ्या रानात कपाशी किती मुरलेली आहे हे ठाऊक असलं की प्रतिमा कुठून आली ते लगेच दिसतं. हात जोडण्याची कल्पना आधी सुचली आणि मग शेतावर बसवली असं इथं झालेलं नाही. पान पाहिलं, मग देव आठवला. 'बिना कपाशीनं उले, त्याले बोंड म्हनू नहीं' हीसुद्धा वेचणीच्या बाईचीच ओळ. फुटलेल्या बोंडात कापूस नसेल तर वेचणारीच्या हाताला काय लागणार? नाव कामावरून मिळतं, दिसण्यावरून नाही. 'उपननी'त, म्हणजे धान्य उफणण्याच्या कवितेत, तिवईवर उभं राहून पाटी वाऱ्यात धरायची वेळ येते आणि वारा पडलेला असतो, तेव्हा वाऱ्याला हाक कशी, तर 'मारोतीच्या बापा'. रखडलेलं काम, ओळखीचा देव आणि थोडी दटावणी एकाच हाकेत येतात. निसर्गाची पूजा करणारी कविता मराठीत पुष्कळ आहे. निसर्गाशी रोजचा व्यवहार असलेली कमी आहे, आणि ही त्यातली अव्वल.

गावाबद्दल मात्र भाबडेपणा नाही, हे नव्या वाचकाला सांगायला हवं. माणसांचे खोटेनाटे व्यवहार पाहून बोरी-बाभळींच्या अंगावर काटे आले, असं 'हिरीताचं देनं घेनं' कवितेत आहे. तिशीत आलेलं वैधव्य 'लपे करमाची रेखा माझ्या कुंकवाच्या खाली' या ओळीत आहे, आणि कुंकू पुसलं गेल्यावर ती रेखा उघडी पडली असं पुढे. 'आखाजी' मात्र झोक्यांची, माहेराची, पोरींच्या गलबल्याची. एका बैठकीत 'आखाजी' आणि 'हिरीताचं देनं घेनं' लागोपाठ वाचा. गाव काय देतं आणि काय ओरबाडून घेतं, दोन्ही कळतं.

आता लिहिलेल्या शब्दाचा प्रश्न, ज्यासाठी हे पुस्तक शेतकरी कवींच्या परंपरेत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. जळगावातल्या नानाजींच्या छापखान्यावर बहिणाबाईंची एक कविता आहे. त्यातल्या चार ओळी:

मानसापरी मानूस
राहतो रे येडजाना
अरे होतो छापीसनी
कोरा कागद शहाना

छापल्यावर कोरा कागद शहाणा होतो, माणूस मात्र तसाच येडा राहतो. निरक्षर बाईनं छापखान्याची केलेली टिंगल म्हणून ही कविता वाचली जाते, पण तसं वाचणं तोकडं पडतं. कागदावर उमटलेलं माणसात का उमटत नाही, असा तिचा सवाल आहे. जोडीला दुसरी कविता ठेवा: 'माझ्यासाठी पांडुरंगा तुझं गीता भागवत, पावसात समावतं, माटीमधी उगवतं'. ग्रंथ नाकारलेला नाही, तो पावसात आणि मातीत वाचता येतो असं म्हटलंय. आणि तिसरी 'घरोट', म्हणजे जातं: जात्यातून पीठ पडतं तसं माझं गाणं 'पोटातून येतं व्होटी'. कविता कशी होते याचं मराठीतलं इतकं थोडक्यात आणि इतकं पटणारं उत्तर दुसरं माहीत नाही. दळणारीनं मूठ घातल्याशिवाय जातं पीठ देत नाही. आधी पोटात काही पडावं लागतं.

म्हणूनच अत्र्यांच्या प्रस्तावनेबद्दल एक मतभेद. ती जरूर वाचावी, तिच्याशिवाय हे पुस्तक महाराष्ट्रात पोचलंच नसतं. पण 'अशिक्षित बाईचा चमत्कार' ही जी समजूत पुढे पसरली, ती कवितेवर अन्याय करते. ओवी, कीर्तन, पोथ्या, सणांची गाणी हे सगळं कानावर पडलेलं शिक्षण त्यांच्याकडे भरपूर होतं. आठ अक्षरांचं माप शेकडो ओळींत इतक्या सफाईनं पाळलं जातं ते अपघातानं नाही. आणि सांगणारा एक, लिहून घेणारा दुसरा ही रीतही जुनीच. अरणच्या सावता माळ्यांचे अभंग काशिबा गुरवांनी लिहून ठेवले असं परंपरा सांगते. मळ्यात काम करणाऱ्याचे हात मोकळे नसतात, शब्द दुसऱ्याच्या हातानं कागदावर येतो.

वाचण्याची रीत. मनातल्या मनात वाचू नका, अर्धं पुस्तक वाया जाईल. मोठ्यानं वाचा, चार-चार ओळींच्या कडव्यानंतर थांबा. 'य' हा 'य' च म्हणा, वाचताना त्याचा 'ळ' करू नका. शाळांच्या कविता-वाचनात दोन चुका हमखास होतात. एक, बोलीतला शब्द आला की आवाजात विनोदी ठसका येतो. या बोलीत विनोद आहे, पण ती बोली स्वतः विनोद नाही. दुसरी, 'खोप्यामधी खोपा' किंवा 'अरे संसार संसार' सिनेमातल्या चालीवरच म्हटली जाते. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटानं ही गाणी घरोघरी नेली, त्याचं ऋण मोठं. पण गाण्याच्या तीन-चार मिनिटांत निवडक कडवीच मावतात. 'मन' ही कविता गाण्यापेक्षा बरीच लांब आहे आणि पुस्तकात पूर्ण वाचली की मनाच्या कल्पना एकमेकींना छेद देत जातात: आधी खसखशीचा दाणा, मग आभाळातही न मावणारं. चाल विसरून वाचणं आरंभी जड जातं. त्यासाठी ज्या कवितांना प्रसिद्ध चाल नाही, जसं 'रगडनी', 'कापनी', 'घरोट', तिथून सुरुवात करावी. 'संसार' आणि 'मन' शेवटी.

बोलीची सवय नसलेल्यांनी, मुंबई-पुण्याच्या किंवा परदेशात वाढलेल्या मुलांनी, आधी एवढे दहा शब्द पाठ करावेत: येहेर म्हणजे विहीर, बीय म्हणजे बी, मया म्हणजे मळा, आभाय म्हणजे आभाळ, डोया म्हणजे डोळा, वढाय म्हणजे ओढाळ, खाकस म्हणजे खसखस, माटी म्हणजे माती, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, घरोट म्हणजे जातं. एवढ्यावर निम्म्या कविता शब्दकोशाशिवाय लागतात. खानदेशातलं कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडून दोन कविता म्हणून घ्याव्यात. कोणत्याही ध्वनिफितीपेक्षा ते उपयोगी.

सोबत कोणतं पुस्तक घ्यावं? पहिलं ना. धों. महानोरांचं 'रानातल्या कविता', १९६७ चं. पळसखेड्याला शेती करणाऱ्या या कवीनं स्वतः लिहिलं, स्वतः छापायला दिलं, त्यामुळे शब्दाशी नातं वेगळं आहे. बोली मागे सरते, लय आणि रंग पुढे येतात. जोंधळ्याला चांदणं लखडल्याची प्रतिमा बहिणाबाईंच्या हातून झाली नसती. ती दिवसाच्या कामानंतर शेताकडे नुसतं पाहणाऱ्याची आहे, आणि ते पाहणंही शेतीचाच भाग आहे. महानोरांनीच जमवलेली लोकगीतं 'पळसखेडची गाणी' मध्ये आहेत. बहिणाबाईंच्या ओळी कोणत्या मातीतून आल्या ते कळायला हे छोटं पुस्तक फार कामाचं. विठ्ठल वाघांची 'काया मातीत मातीत तिफन चालते' वऱ्हाडातली, आणि तिथेही काळ्याचं काया होतं हे लगेच कानाला कळेल.

इंद्रजित भालेराव या सगळ्यांच्या नंतर वाचावेत. परभणीकडचा हा कवी कुणब्याच्या पोराला 'लढायला शिक' असं बजावतो. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मधला फुल्यांचा 'विद्येविना मती गेली' हा इशारा तिथं पुन्हा ऐकू येतो. लिहिता-वाचता न येण्याची किंमत सावकाराच्या वहीत आणि कचेरीच्या कागदात शेतकऱ्यानं मोजलेली आहे, त्यामुळे कागदाबद्दलचा बहिणाबाईंचा संशय आणि भालेरावांचा शिकण्याचा आग्रह एकमेकांविरुद्ध लावून वाचायला हवेत. छापखान्याची कविता आणि ही कविता एकाच दिवशी वाचा, याच क्रमानं.